विम्बल्डनचं तिकीट एजंटशिवाय मिळत नाही म्हणे!

जून आला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो फॉरवर्ड परत येतोच. थोडक्यात असा: लंडनच्या विम्बल्डन टेनिस स्पर्धेची तिकिटं क्लबचे मेंबर आणि पैसेवाल्यांतच वाटली जातात, बॅलट (म्हणजे तिकिटांची सोडत) फक्त ब्रिटिशांसाठी असतं, रांग लावायची तर तीन रात्री तंबूत झोपावं लागतं, एवढं करून साधा पास मिळाला तरी काही दिसत नाही, म्हणून शहाण्याने एजंटकडून 'कन्फर्म' तिकीट घ्यावं. खाली मोबाईल नंबर. म्हणजे फॉरवर्ड कशासाठी आहे ते कळलंच. पण या वेळी आमच्या एका काकांनी खरंच त्या नंबरला फोन लावला, म्हणून हे लिहायला बसलो.

आधी ते मेंबर-पैसेवाले प्रकरण. यात थोडं खरं आहे. सेंटर कोर्टवर, म्हणजे तिथल्या मुख्य कोर्टवर, साधारण १५ हजार सीट आहेत, त्यातल्या अडीच हजारांच्या आसपास डिबेंचरवाल्यांच्या. डिबेंचर म्हणजे स्पर्धा भरवणाऱ्या क्लबला मोठी रक्कम द्यायची आणि ५ वर्षं स्पर्धेच्या रोज एक सीट घ्यायची. क्लब १९२० पासून असाच पैसा उभा करतोय. २०२६ ते २०३० चं सेंटर कोर्टचं डिबेंचर १ लाख १६ हजार पौंडांना होतं, म्हणजे सव्वा कोटी रुपयांच्या वर, आपण सोडूनच द्या. मेंबर, स्पॉन्सर वगैरेंचा कोटा असतोच. पण उरलेल्यातला चांगला मोठा हिस्सा सामान्य लोकांना छापील किमतीत जातो, आणि हे फॉरवर्डवाला सोयीस्कर विसरतो.

बॅलट फक्त ब्रिटिशांसाठी? साफ खोटं. भारतातून ऑनलाइन अर्ज करता येतो. हे बॅलट १९२४ पासून चालू आहे आणि ते लॉटरीसारखं आहे, पहिल्या दिवशी भरा नाहीतर शेवटच्या, फरक शून्य. एका माणसाचा एकच अर्ज, जास्त भरले तर बाद. लागलं तर दोन तिकिटं मिळतात पण दिवस आणि कोर्ट ते ठरवतात, तुम्ही नाही. खरी गोची वेळेची आहे, हल्ली अर्ज आदल्या वर्षीच्या सप्टेंबरात घेतात आणि आपल्याला विम्बल्डन आठवतं जूनमध्ये! (मी दोनदा भरलं, दोन्हीदा नाही लागलं. लॉटरीच ती, रडायचं कशाला.)

आता रांग, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहेत. सेंटर, १ नंबर आणि २ नंबर, या प्रत्येक कोर्टची रोज साधारण ५०० तिकिटं रांगेतल्या लोकांसाठी ठेवलेली असतात, फक्त सेंटरची शेवटचे ४ दिवस नसतात. ही हवी असतील तर हो, आदल्या दिवशी जाऊन तंबू ठोकावा लागतो, आणि मोठ्या मॅचसाठी त्याहून आधी. पण याशिवाय रोज काही हजार ग्राउंड पास, म्हणजे आवारात शिरून छोट्या कोर्टांवर बसायचे पास, निघतात आणि त्यासाठी तंबूबिंबू काही लागत नाही. २०२४ ला मी ताईकडे लंडनमध्ये हॅरोला गेलेलो, पहाटे निघून साडेसहाच्या सुमाराला साउथफील्ड्स स्टेशनला उतरलो आणि माणसं जात होती त्यांच्या मागे चालत सुटलो. पार्कात लांबवर एक झेंडा दिसतो, त्यावर 'क्यू' लिहिलेलं, तिथे रांगेचं शेपूट. रांग सांभाळणारे एक आजोबा स्ट्युअर्ड हातात कार्ड ठेवतात, त्यावर तारीख आणि तुमचा नंबर, माझा पाच हजारच्या पुढचा होता, म्हटलं मेलो आता. कार्ड एका माणसाला एकच, मित्रासाठी जागा धरून ठेवायची सोय नाही, चहाला किंवा बाथरूमला गेलात तर अर्ध्या तासात परत यायचं. आपल्याकडे रांगेत रुमाल ठेवून जातात ना, ते तिथे चालत नाही. ताईने दिलेले ठेपले शेजारच्या जोडप्याला दिले, त्यांनी स्ट्रॉबेरी दिल्या. साडेबाराला आत होतो. पास ३० पौंड. म्हणजे सहा तास गेले, तीन रात्री नाही.

'पासवर काही दिसत नाही' हे तर ज्यांनी टेनिस फक्त टीव्हीवर बघितलंय त्यांचं बोलणं. पहिल्या आठवड्यात ४ ते १८ नंबरच्या कोर्टांवर दिवसभर मॅच चालू असतात, जागा मिळेल तिथे बसायचं. इस्नर आणि माहू या दोन खेळाडूंची ११ तास ५ मिनिटांची मॅच, २०१० ची, कुठे झाली? १८ नंबरवर! २०२४ ला मी त्याच कोर्टवर दुसऱ्या ओळीत होतो, सर्व्हिसचा आवाज छातीत बसतो राव, आणि खेळाडू स्वतःशी काय पुटपुटतोय तेही ऐकू येतं. शिवाय दुपारनंतर लवकर निघालेल्या लोकांच्या मोठ्या कोर्टांवरच्या सीट परत विकतात, १०-१५ पौंडांत, तो पैसा चॅरिटीला जातो. विम्बल्डनच्या ॲपवर नंबर लावायचा आणि वाट बघायची. माझा नंबर नाही लागला, शेजारच्या जोडप्याचा लागला, ते माझ्याकडे बघून हात हलवत गेले.

उरला एजंट. डिबेंचरचं तिकीट सोडलं तर विम्बल्डनचं तिकीट दुसऱ्याला विकायची परवानगीच नाही, असं घेतलेलं तिकीट रद्द होऊ शकतं आणि गेटवरून परत पाठवू शकतात. क्लबने नेमलेल्या कंपन्यांची जेवणासकट पॅकेजं असतात, ती खरी असतात पण महाग. म्हणून एजंटला एकच विचारायचं, हे डिबेंचरचं आहे की अधिकृत पॅकेज? फायनलच हवी असेल आणि बॅलट लागलं नसेल तर खात्रीचे हेच दोन रस्ते उरतात, तेवढं मान्य.

काकांनी विचारलं. उत्तर आलं, "सर, व्हीआयपी तिकीट आहे, टेन्शन नका घेऊ." टोकनचे पैसे काकांनी अजून दिलेले नाहीयेत. आता त्यांचा प्रश्न असा की गुडघा दुखतो, सहा तास कसं बसणार. काका, फोल्डिंग खुर्ची न्या, आत जाताना लगेज काउंटरला ठेवा, आणि ठेपले जरा जास्त बांधून घ्या.