मालकाचं उत्तर: लाईट गेल्यावर उघडणारं दार आणि जळलेला पॉवर सप्लाय

नमस्कार साहेब,

एक स्टार देऊन तुम्ही लिहिलंय की लाईट गेली की विंगचं काचेचं दार आपोआप उघडतं, लॉकला करंट पुरवणारा पॉवर सप्लाय जळला आणि आम्ही तो वॉरंटीत बदलून दिला नाही. हेच प्रश्न बाकीच्या सोसायट्यांनाही पडतात, म्हणून फोनवर न बोलता इथेच लिहितो.

तुमच्या दाराला ईएम लॉक, म्हणजे विजेच्या चुंबकाचं लॉक आहे. करंट आहे तोवर ते सुमारे २८० किलोच्या जोराने दार धरून ठेवतं, करंट गेला की सोडतं. हा बिघाड नव्हे, ते तसंच बनवलेलं असतं. जिन्यातून बाहेर पडायला ते एकच दार. आग लागून लाईट गेली आणि दार बंदच राहिलं तर माणसं जाणार कुठे? लाईट गेल्यावरही बंद राहणारी लॉक बाजारात मिळतात. अशा वाटेवर ती मी लावत नाही, गिऱ्हाईक गेलं तरी चालेल. लाईट नसताना दार बंद हवं असेल तर बॅटरी लागते. १२ व्होल्ट ७ एएचची (अँपिअर-तासांची) बॅटरी कोटेशनमध्ये होती, कमिटीने ती काटली. लॉक साधारण अर्धा अँपिअर खातं, वर लॉक चालवणाऱ्या मशीनचं, म्हणजे कंट्रोलरचं थोडं; नवी बॅटरी सात-आठ तास काढते.

आता पॉवर सप्लाय. आम्ही काम करून दिलं तेव्हा वॉचमनचा रिमोट नव्हता, तो नंतर दुसऱ्या कुणीतरी बसवला. आमचा मुलगा बघायला आला तर रिमोटचा रिसीव्हर थेट लॉकच्या प्लस-मायनसवर जोडलेला! बटण दाबलं की रिसीव्हरचा रिले, म्हणजे आतला विजेवर चालणारा स्विच, त्या दोन वायरी एकत्र करतो. दार उघडतं, पण सप्लाय शॉर्ट झाला म्हणून उघडतं. घागर रिकामी करायला तळाला भोक पाडावं, तसला प्रकार. सप्लाय काही दिवस ट्रिप होऊन, म्हणजे आपोआप बंद पडून, स्वतःला वाचवतो, मग एक दिवस जातो. असा जळलेला माल कंपनी परत घेत नाही, म्हणून नव्याचे पैसे सांगितले.

बरोबर जोडणी अशी: रिसीव्हरचे कॉमन आणि एनओ (एरवी तुटलेले, बटण दाबल्यावर जुळणारे टोक) आतल्या एक्झिट स्विचला समांतर जोडायचे, बस. रिसीव्हर मोमेंटरी मोडवर, म्हणजे क्षणभरच जुळेल असा ठेवायचा. लॅचवर, म्हणजे जुळलेलाच राहिला तर दार उघडंच राहील. कंट्रोलरला मग स्विच काय, रिमोट काय, सारखंच. किती सेकंद उघडायचं ते तो ठरवतो. लॉकचा प्लस मात्र कंट्रोलरच्या कॉमन-एनसीमधूनच (एनसी म्हणजे एरवी जुळलेलं टोक) गेला पाहिजे.

तुमच्या रिव्ह्यूत नाही, पण मला सगळ्यात खुपली ती गोष्ट वेगळीच. दाराजवळची हिरवी इमर्जन्सी डबी कुणीतरी बायपास केली आहे, म्हणजे लॉकची लाईन आता तिच्यातून जातच नाही. कंट्रोलर हँग झाला तरी लॉकची लाईन तोडणारी ती एकमेव वस्तू आहे. ‘दिसायला वाईट’ म्हणून ती काढायला आमच्याकडेही सांगितलं होतं, आम्ही नाही म्हटलं होतं.

नव्या सप्लायचे पैसे द्यावे लागतील. रिमोटची जोडणी बदलायची आणि डबी परत लाईनमध्ये घ्यायची मजुरी घेणार नाही. तोवर रिसीव्हर काढून ठेवा, वॉचमनने आतला स्विच वापरावा. वार कळवा आणि मीटर रूमची किल्ली त्या दिवशी खाली ठेवायला सांगा.