हसत हसत फुटणारा

व्हिडिओ गेममधले काही शत्रू व्यवहाराला स्वच्छ असतात. ड्रॅगन घ्या. पंख, दात, नाकातून धूर; हा आग ओकणार हे कुणी सांगावं लागत नाही. तो ओकतो, आपण होरपळतो, हीलर, म्हणजे आपल्या टोळीतला वैद्य, औषध पाजतो, पुढे चला. ‘फायनल फँटसी’ या गेम-मालिकेतल्या बॉम्ब नावाच्या प्राण्याचं मात्र तसं नाही. एक गरगरीत पेटता गोळा हवेत डुलत येतो आणि समोर तरंगत नुसता हसतो. हसू कानापर्यंत. कान नाहीत, पण असते तर तिथपर्यंतच.

हा प्राणी मालिकेच्या दुसऱ्या भागात, १९८८ साली, पहिल्यांदा अवतरला. तेव्हापासून ग्राफिक्स कुठल्या कुठे गेलं, नायकांच्या केसांनी गुरुत्वाकर्षण धाब्यावर बसवलं, पण हा आपला तसाच, गोल आणि खूश. याला बदला म्हणून सुचवायला जवळ जाणार कोण?

त्यात या खेळांची एक जुनी खोड. जादूगाराला सुरुवातीला जे काही येतं त्यात आगीचा मंत्र हमखास असतो. १९८७ च्या अगदी पहिल्या भागात आग पहिल्या पायरीवर मिळते आणि बर्फासाठी दुसरी पायरी चढावी लागते. म्हणजे नवशिक्याच्या हातात काडेपेटी द्यायची आणि पुढे असा शत्रू सोडायचा, जो आग खाऊन धष्टपुष्ट होतो. मंत्र पडतो, ज्वाळा उठतात, आणि पांढऱ्या आकड्यांच्या जागी हिरवे आकडे उमटतात. हिरवे आकडे म्हणजे त्याची तब्येत सुधारली. आपण त्याला मारलं नाही, जेवू घातलं.

बरं, मंत्र नको तर तलवार काढावी. सातव्या भागात (१९९७) आणि दहाव्यात (२००१) त्याला मारलं की तो फुगतो. दुखावत नाही, ओरडत नाही, फुगतो. पुन्हा मारा, आणखी फुगतो. दहाव्या भागात तर तिसऱ्यांदा फुगला की गाशा गुंडाळायचा. यापुढे तो स्वतःसकट फुटणार. एरवी टर्नच्या लढाईत कसं निवांत असतं. शत्रू शिस्तीत आपल्या पाळीची वाट पाहतो, आपण मेनू चाळत बसतो. पण समोर दुप्पट झालेला बॉम्ब असला की तोच मेनू सरकारी अर्जासारखा लांबलचक वाटायला लागतो. वस्तू उघडा, खाली जा, अजून खाली, हे नको, मागे या. तेवढ्या वेळात तो हसतोच आहे.

सगळ्यात वाईट म्हणजे एका भागात शिकलेलं शहाणपण दुसऱ्या भागात अंगाशी येतं. चौथ्या भागात त्याच्या स्फोटाची ताकद त्याच्या उरलेल्या एचपीवर, म्हणजे शिल्लक जिवावर, ठरते. ठणठणीत बॉम्ब फुटला तर कंबरडं मोडतं, मरतुकडा फुटला तर चटका बसतो. तेव्हा त्याला होईल तेवढं बडवून ठेवणं हाच हिशेबी मार्ग. हा हिशेब डोक्यात पक्का घेऊन दहाव्या भागात जा आणि थोडं थोडं बडवत बसा. आगीतून फुफाट्यात याचा अर्थ तिथे सप्रयोग कळतो.

चौथ्या भागाने तर या जातीवर विशेषच प्रेम केलंय. नायकाला सुरुवातीलाच राजाज्ञा होते: अमुक गावात हे पार्सल पोचवा. तो बिचारा निष्ठेने पोचवतो, आणि त्यातून बॉम्ब बाहेर पडून गाव पेटवून देतात. पुढे एका डोंगरावर त्यांची आईही भेटते. मॉम बॉम्ब. ती फुगते, फुटते, आणि जिथे एक होती तिथे पोरांचा घोळका. एवढ्या एकोप्याचं कुटुंब सगळ्या मालिकेत दुसरं नसेल.

आणि पदरात काय पडतं? तो स्वतःहून फुटला तर बहुतेकदा अनुभवाचे गुणही मिळत नाहीत. त्याने जीव दिला, माझ्या दोघांचा घेतला, आणि जमेच्या रकान्यात भोपळा. मग त्या दोघांना उठवायला फिनिक्स डाउन खर्च करायचं. आगीने गेलेल्यांना आगीतून उठणाऱ्या पक्ष्याच्या पिसाने जिवंत करायचं! या दुनियेत आगीशिवाय कुणाचं पान हलत नाही.

त्या मानाने ‘स्कायरिम’ या दुसऱ्या गेममधली आगीची बाई, फ्लेम अ‍ॅट्रोनाक सभ्य म्हणायची. तीही फुटते, पण निदान आधी मरते. जुन्या लोकांची कल्पना तर याहून दिलदार होती. प्लिनी नावाचा रोमन लिहून गेलाय की सॅलमँडर हा पालीसारखा प्राणी इतका थंड असतो की बर्फाने विझावी तशी त्याच्या स्पर्शाने आग विझते. सोळाव्या शतकात पॅरासेल्सस नावाच्या वैद्याने त्याच सॅलमँडरला आगीचं भूत करून टाकलं, आणि पुढे खेळ बनवणाऱ्यांनी नेमकं ह्याचंच ऐकलं. प्लिनीचं ऐकलं असतं तर माझ्या संध्याकाळी कितीतरी थंड गेल्या असत्या.

असो. बर्फाचा मंत्र मिळाला की परिस्थिती सुधारते, हे मान्य करायला हवं. परवा तिघांना ओळीने गारठवलं, विजयाची धून वाजली, आणि बक्षीस म्हणून बॉम्बचा तुकडा मिळाला. फेकला की शत्रूला आग लागते असा. आधीचे बरेच तुकडे पिशवीत साठलेले आहेतच. भाचा शेजारी बसून बघत होता. पुढच्या वळणावर आणखी दोन बॉम्ब डुलत आले तसा तो म्हणाला, “मामा, ते तुकडे फेक की!”

“अरे, आगीने त्यांना काही होत नाही. उलट बरं वाटतं.”

“मग दुसऱ्या कुणावर फेक.”

“या गुहेत दुसरं कुणी नाहीच.”

त्याने थोडा विचार केला. “म्हणूनच देत असतील ते.”