अंगठ्याला कळतं ते गेजला काय कळणार

मोटरसायकलच्या टायरमध्ये हवा किती आहे, हे गेजला विचारू नये. अपमान होतो आपला. सरळ लाथ मारावी. टायर ठप्प वाजला की हवा बरोबर. तरी शंका असेल, तर अंगठा दाबून बघा. अंगठ्याला 22 आणि 32 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) सारखेच कडक लागतात, हे मान्य; पण दहा पीएसआयनं असं काय बिघडतं? हँडल जरा जड होईल, कडा लवकर झिजतील, टायरची बाजू वाकून वाकून तापेल, पेट्रोल थोडं जास्त पिईल. पिऊ दे की.

आकडाच हवा असेल, तर टायरच्या अंगावर उठवलेला घ्या. तो कमाल दाबाचा, पूर्ण ओझं पेलतानाचा असतो म्हणे. असेना. ठासून तेवढी हवा भरा. मग टायर फक्त मधोमध रस्त्याला टेकतो, मधोमधच झिजतो आणि एकही खड्डा तुमच्या मणक्याला भेटल्याशिवाय जात नाही.

चेन कव्हरवर किंवा स्विंगआर्मवर, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावर, एक स्टिकर असतो. पुढे किती, मागे किती, डबलसीट असताना मागे किती, सगळं त्यावर छापलेलं. गाडी पहिल्यांदा धुताना तो नखानं खरवडून टाका. सीटखालच्या पुस्तकातही तेच लिहिलंय, पण त्याची प्लास्टिकची पिशवी कशाला फाडायची?

आता वेळ. टायर थंड असताना, म्हणजे गाडी निदान तीन तास उभी राहिल्यावर हवा मोजावी, असं त्या पुस्तकात आहे. (ज्यांना तीन तास मोकळे असतात, त्यांनीच ते लिहिलं असणार.) तुम्ही भर दुपारी लांबून तापून आलात की मोजा. गेज तीन-चार पीएसआय जास्त दाखवेल. ती ‘जादा’ हवा तिथेच फुस्सकन सोडून द्या. पहाटेच्या गारठ्यात टायर बसलेला दिसला, तर शेजाऱ्याच्या पोरावर संशय घ्यायला तुम्ही मोकळे.

नायट्रोजन तर भराच. साध्या हवेतही तो 78 टक्के असतो, पण फुकटच्या नायट्रोजनला कोण विचारतो? शिवाय तो एकदा भरला की वर्षभर गेज लावायला नको, अशी समजूत आपली आपणच करून घेता येते.

आणि कुणी विचारलंच, ‘किती मारलीस?’, तर ‘तीस-तीस’ म्हणा. पुढे तीस, मागे तीस. मागे धट्टाकट्टा मेहुणा आणि त्याच्या मांडीवर दोन बॅगा असल्या, तरी तीसच.