‘शेंबड्या पोरालाही कळते’ म्हणणाऱ्या वाचकास

महोदय,

जनावराने जास्त खाल्ले की वैरणीतल्या तंतूंची पचनीयता घटते, या माझ्या लेखावरील आपली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. तिच्यात पाच मुद्दे असल्याचे आपण म्हणता. मला एक मुद्दा आणि चार टोमणे सापडले. तो मुद्दा आपल्याच शब्दांत असा : ‘जे जनावर जास्त खाईल ते जास्त पचवेल, हे शेंबड्या पोरालाही कळते, त्यासाठी गणिते मांडून गोठेवाल्यांना घाबरवायचे कारण नव्हते.’

मतभेदाला माझी हरकत नाही. हरकत आहे ती या पोराला. कोठीपोटात, म्हणजे जिथे वैरण आंबते त्या गाईच्या पहिल्या मोठ्या पोटात, काय चालते हे ज्याने समजून घेतले आहे, त्याला असा साक्षीदार उभा करावा लागत नाही.

पचनीयता म्हणजे किती किलो पचले हे नव्हे, तर खाल्लेल्यातला किती भाग पचला हे. सेल्युलोज तोडणारे विकर गाईच्या स्वतःच्या शरीरात तयार होत नाही. ते काम कोठीपोटातले जिवाणू, आदिजीव आणि बुरशी करतात आणि त्यांना वेळ लागतो. वैरणीचा कण तिथे आहे तोवर त्याच्यावर दोन गोष्टी एकाच वेळी घडत असतात : तो कुजवला जात असतो आणि पुढच्या पोटाकडे सरकतही असतो. पचू शकणाऱ्या तंतूंपैकी ताशी 5 टक्के पचत असतील आणि ताशी 2 टक्के पुढे जात असतील, तर एकूण 7 भागांपैकी 5 भाग, म्हणजे सुमारे 71 टक्के, कोठीपोटात पचतात. गाय जास्त खाऊ लागली आणि सरकण्याचा वेग 4 टक्के झाला, तर 9 पैकी 5, म्हणजे सुमारे 56 टक्केच पचतात. जिवाणू तेच, वैरण तीच. फक्त थांबण्याची मुदत कमी झाली. कोठीपोट कितीही मोठे असले तरी त्याला भिंती आहेत, आणि वरून भर पडत राहिली की आतल्याला वाट करून द्यावीच लागते. ज्या गणितांना आपण भीतीदायक म्हणता, ती एवढीच आहेत.

‘लेखकाने गोठ्यात कधी पाय ठेवला आहे का’, असेही आपण विचारले आहे. गेली 22 वर्षे माझी पहाट गव्हाणीपाशी उजाडते. भाकड गाईचे आणि भरपूर खाणाऱ्या दुभत्या गाईचे शेण मी एकाच चाळणीवर कित्येकदा धुऊन पाहिले आहे आणि दुभत्या गाईच्या चाळणीत न पचलेल्या काड्या जास्त राहतात, हे मला कोणी पुस्तकातून सांगावे लागलेले नाही. दोघींच्या आंबोणात, म्हणजे धान्य-पेंडीच्या खुराकात, फरक असतो, हे आपण सांगण्याआधी मीच सांगतो. धान्याचा स्टार्च झपाट्याने आंबतो, कोठीपोटातली आम्लता वाढते, म्हणजे सामू (pH) उतरतो, आणि तो 6 च्या खाली रेंगाळू लागला की तंतू पचवणारे जिवाणू मंदावतात. म्हणजे खाणे वाढवताना आपण ते आंबोणाने वाढवले, तर वैरणीला दुहेरी फटका बसतो. यातून माझे म्हणणे दुबळे कसे होते, ते मला तरी समजलेले नाही.

आता पोराच्या बाजूनेही बोलतो. 6 किलो तंतूंपैकी 60 टक्के पचले तर 3.6 किलो होतात आणि 9 किलोंपैकी 52 टक्के पचले तर जवळजवळ 4.7 किलो. एकूण पचलेला माल वाढतोच आणि म्हणूनच दुभत्या गाईला भरपूर खाऊ घालावे लागते. हे माझ्या लेखाच्या चौथ्या परिच्छेदात आहे. आपण तिथवर पोहोचला नसाल, तर तो दोष माझ्या लांबणीचा समजतो. पण वाढलेल्या प्रत्येक किलोतून आधीच्या किलोइतकेच मिळेल असे धरून आहार बांधला, की हिशेब चुकतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने 1989 च्या दुभत्या जनावरांच्या मानकांत, शरीरपोषणाच्या, म्हणजे दुधाविना नुसते शरीर टिकवण्याच्या, गरजेच्या तिप्पट खाणाऱ्या गाईसाठी खाद्याची ऊर्जा सुमारे 8 टक्के कमी धरली होती. 2001 च्या आवृत्तीत ही सरसकट वजावट जाऊन आहारागणिक बदलणारी वजावट आली. वजावटीचे स्वरूप बदलले, वजावट गेली नाही.

एक चूक मात्र मान्य करतो. लेखात एके ठिकाणी ‘पचन निम्म्यावर येते’ असे मी लिहून गेलो होतो. ते अतिशयोक्त होते आणि ते वाक्य मी बदलले आहे. त्याबद्दल आपले आभार मानले असते, पण आपण ती चूक दाखवताना वापरलेले विशेषण आठवले.

उरलेल्या मुद्द्यांपैकी ‘कुट्टी जितकी बारीक तितके पचन जास्त’ हा तेवढा उत्तराला पात्र आहे. बारीक कण कोठीपोटातून लवकर निसटतो, रवंथ कमी होते, लाळ कमी सुटते आणि त्या लाळेतला आम्ल सौम्य करणारा क्षारही घटतो. बाकीचे तीन माझ्या शिक्षणाविषयी आहेत. त्यांचा गाईच्या पोटाशी काही संबंध नाही.