अस्वलासाठी .४४ मॅग्नम? फिरत्या मेसेजला उत्तर

उन्हाळी सुट्ट्यांचे बेत सुरू झाले की अमेरिकेतल्या आपल्या मंडळींच्या ट्रेकिंग ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो. थोडक्यात असा: ग्रिझलीच्या, म्हणजे तिथल्या तपकिरी अस्वलाच्या, मुलखात तंबू ठोकणार असाल तर .४४ मॅग्नम (जबर ताकदीच्या काडतुसाचं) रिव्हॉल्वर घ्या, त्याहून लहान काही नको. रिव्हॉल्वर कधी अडकत नाही. बेअर स्प्रे (अस्वलावर मारायचा मिरचीचा फवारा) म्हणजे अस्वलाला जेवणाआधी तोंडी लावणं. आणि २०१० पासून नॅशनल पार्कात बंदूक कायदेशीर आहे, तेव्हा बिनधास्त जा. मला बंदुकीचं वावडं नाही. या मेसेजातलं निम्मं खरंही आहे, आणि पंचाईत तीच आहे.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण वाचणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांसाठी विषय तिथेच मिटतो. २२ फेब्रुवारी २०१० पासून नॅशनल पार्कात बंदूक बाळगण्याला त्या त्या राज्याचा कायदा लागू होतो, हे खरं. पण बाळगणं वेगळं आणि झाडणं वेगळं. गोळीबारावरची बंदी उठलेली नाही. व्हिजिटर सेंटर, रेंजरचं ऑफिस या फेडरल (केंद्र सरकारच्या) इमारती, तिथे बंदूक नेणं गुन्हा. हे सगळं पुन्हा अमेरिकन नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांपुरतं. एच-१बी, एल-१, एफ-१, एच-४ अशा तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या माणसाला फेडरल कायद्याने बंदूकच काय, काडतूसही जवळ ठेवता येत नाही. एखाद्या राज्याचा चालू शिकारीचा परवाना असणं, असे मोजके अपवाद आहेत, पण त्यांच्या भरवशावर निघण्याआधी वकिलाला विचारा. 'बंदूक मित्राची, मी फक्त दोन दिवस सॅकमध्ये ठेवली' ही पळवाट नाही. शिक्षा १५ वर्षांपर्यंत होऊ शकते, आणि इमिग्रेशनच्या फाइलचं काय होईल ते वेगळं. ग्रीन कार्डाच्या रांगेत दहा-दहा वर्षं उभी असलेली माणसं हा मेसेज 'मस्ट रीड' म्हणून पुढे ढकलतात तेव्हा मला खरंच घाम फुटतो.

मोंटानातल्या ग्लेशियर नॅशनल पार्कला जाणारे बरेच जण पुढे कॅनडात वॉटरटन किंवा बॅन्फही गाठतात. डोंगररांग तीच असली तरी रिव्हॉल्वर सीमा ओलांडू शकत नाही. प्राण्यांसाठीचा म्हणून लेबल असलेला स्प्रे मात्र चालतो.

आता त्या 'तोंडी लावण्या'बद्दल. बेअर स्प्रेमध्ये कॅप्सेसिन आणि त्याच्या भाऊबंदांचं प्रमाण १ ते २ टक्के असतं, म्हणजे मिरचीतलाच जाळ. तो अस्वलाला जखमी करत नाही. डोळे, नाक आणि श्वास काही मिनिटं निकामी करतो. अलास्कातल्या १९८५ ते २००६ या काळातल्या घटनांचा अभ्यास टॉम स्मिथ, स्टीफन हेरेरो या अस्वलांच्या अभ्यासकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केला. तपकिरी अस्वलांच्या बाबतीत स्प्रेने ९२ टक्के वेळा अस्वलाचं नको ते वागणं थांबवलं, आणि स्प्रे बाळगणाऱ्यांपैकी ९८ टक्के लोकांना अस्वलाकडून इजा झाली नाही. मेसेजवाले यावर २०१२ चा बंदुकांचा अभ्यास पुढे करतात: हँडगन (रिव्हॉल्वर किंवा पिस्तूल) ८४ टक्के वेळा यशस्वी! तो अभ्यासही याच मंडळींचा. पण त्यातलं दुसरं वाक्य कुणी कॉपी करत नाही: ज्यांनी बंदूक चालवली आणि ज्यांच्याकडे असून चालवली नाही, त्यांच्या जखमी होण्याच्या प्रमाणात फरक आढळला नाही. न्यायाने सांगायचं तर हे दोन अभ्यास शेजारी ठेवून ९२ विरुद्ध ८४ असा सामना लावणंही चुकीचंच. स्प्रेच्या घटनांत नुसती चौकस अस्वलंही होती. बंदुकीच्या नोंदी होतात त्या बहुतेक प्रकरण चिघळल्यावर. आकड्यांपेक्षा कारण समजून घेतलेलं बरं. ग्रिझली ताशी ५५ किलोमीटरच्या आसपास धावते, म्हणजे तीस मीटर अंतर दोन सेकंदांत. त्या दोन सेकंदांत उसळत येणाऱ्या डोक्यावर नेम धरायचा, की समोर ढग सोडायचा? वारा उलटा असेल तर स्प्रे स्वतःच्याही डोळ्यांत जातो, हे मान्य. तरी हात थरथरत असताना ढगाचा नेम कमी चुकतो.

(कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी नॅशनल पार्कात मात्र बेअर स्प्रे न्यायला बंदी आहे. तिथे फक्त काळी अस्वलं आहेत आणि त्यांचा डोळा तुमच्या डब्यावर असतो. अन्न कुलूपबंद पेटीत ठेवा.)

'जितकं मोठं तितकं चांगलं' हा मुद्दा दुकानात पटतो, डोंगरात नाही. .४४ मॅग्नम आलं १९५५ मध्ये. स्मिथ अँड वेसनचं ३२९पीडी हे त्यातलं हलकं रिव्हॉल्वर सुमारे ७०० ग्रॅमचं, म्हणून ट्रेकर त्यावर भाळतात. पण काडतूस तेच आणि वजन कमी, तेव्हा उरलेला झटका सरळ मनगटात जातो. नेमबाजीच्या रेंजवर सहा गोळ्या झाडल्या की माणूस चाप ओढण्याआधीच दचकू लागतो, आणि मग ते रिव्हॉल्वर कपाटात जातं ते थेट ट्रिपच्या दिवशी बाहेर येतं. २००३ मधलं .५०० मॅग्नम याच्याही पुढचं: पाचच गोळ्या, आणि लांब नळीच्या मॉडेलचं वजन दोन किलो. टूथब्रशची दांडी कापून ग्रॅम वाचवणारे लोक हे सुचवतात! त्यापेक्षा चार इंची नळीचं पोलादी .३५७ मॅग्नम, रुगर जीपी१०० सारखं, सव्वा किलोच्या आतलं. दुसरी गोळी वेळेवर सुटते, आणि सरावाला त्यात .३८ स्पेशलची स्वस्त, मवाळ काडतुसं चालतात. त्याची ताकद .४४ पेक्षा कमी आहे, हे उघड आहे. पण अस्वलाच्या बाबतीत गोळीच्या आकाराइतकाच तिचा प्रकार महत्त्वाचा: माणसांसाठी केलेली, आत शिरताच उमलणारी हॉलो पॉइंट नको, कडक शिशाची, चपट्या नाकाची, जड गोळी हवी, जी चरबी, स्नायू आणि हाड भेदून खोल जाते. मेसेजमध्ये काडतुसाबद्दल चकार शब्द नाही.

आणि 'कधी अडकत नाही'? अडकतं. हलक्या रिव्हॉल्वरमध्ये जबर झटक्याने, अजून न झाडलेल्या काडतुसांतल्या गोळ्या पुढे सरकतात. एखादी सिलिंडरच्या बाहेर डोकावली की सिलिंडर फिरतच नाही. म्हणजे ट्रेकर ज्या हलक्या रिव्हॉल्वर-तगड्या काडतुसाच्या जोडीवर भाळतात, तिथेच हा धोका सगळ्यात जास्त. पिस्तूल अडकलं तर सराव असलेला माणूस ते सेकंदा-दोन सेकंदांत मोकळं करतो; असं जाम झालेलं रिव्हॉल्वर बहुधा जागेवर सुटत नाही. रिव्हॉल्वरचा खरा फायदा वेगळाच आहे. अस्वल अंगावर चढलेलं असताना नळी त्याच्या अंगाला टेकवून चाप ओढला तरी ते चालतं; पिस्तुलाचा स्लाइड (वरचा सरकता भाग) अशा वेळी मागे ढकलला जाऊन गोळी न सुटण्याची शक्यता असते. मेसेज लिहिणाऱ्याला आपल्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा सुचलाच नाही.

मुळात धोका किती, तेही पाहा. यलोस्टोन नॅशनल पार्कात १८७२ पासून अस्वलांनी मारलेल्यांची संख्या दोन आकडी नाही, बुडून गेलेल्यांची शंभराच्या वर आहे. शिवाय अलास्का सोडून उरलेल्या अमेरिकेत ग्रिझलीला १९७५ पासून संरक्षण आहे. स्वसंरक्षणात मारलीत तरी कळवावं लागतं आणि चौकशी होते.

हे सगळं वाचूनही, कायद्याने हक्क असेल आणि वर्षभर सरावाची तयारी असेल, तर जरूर घ्या. मात्र कमरेला लावू नका, सॅकचा पट्टा नेमका त्यावर बसतो. अलास्कातले गाइड वापरतात तसा छातीवरचा होल्स्टर (बंदुकीचं म्यान) घ्या. स्प्रे दुसऱ्या हाताला, सॅकच्या आत नाही, खांद्याच्या पट्ट्यावर. विमानात स्प्रे हातातल्या बॅगेत चालत नाही आणि चेक-इनमध्येही नाही, म्हणून तो बोझमन किंवा कॅलिस्पेलला (या पार्कांजवळचे विमानतळ) उतरल्यावर विकत घ्यायचा.