खुलासा : कोरल मिटलं की कॅल्शियम घालायचं नसतं

‘कोरल उघडत नसेल तर कॅल्शियमचा डबल डोस द्या’ हा सल्ला घरी समुद्री (खाऱ्या पाण्याचं) मत्स्यालय ठेवणाऱ्यांमध्ये सध्या फिरतोय. तो चुकीचा आहे, कृपया पाळू नका. झोअँथिड, मशरूमसारख्या मऊ कोरलना कडक कोरलसारखा चुनखडीचा सांगाडाच नसतो. त्यांच्या मिटण्याचा कॅल्शियमशी संबंध क्वचितच असतो.

आधी पाण्याचा खारेपणा (सॅलिनिटी) मोजा. तो हवा ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग मीठ), म्हणजे २५ अंश सेल्सिअसला विशिष्ट गुरुत्व १.०२६ च्या आसपास. रिफ्रॅक्टोमीटर (खारेपणा मोजायचं भिंगासारखं यंत्र) आरओच्या, म्हणजे फिल्टर केलेल्या बिनक्षारांच्या पाण्यावर शून्य केला असेल तर तो ३५ पाशी चुकू शकतो. ३५ पीपीटीच्या तयार द्रावणावरच जुळवा. मग अल्कलिनिटी (पाण्यातलं कार्बोनेटचं प्रमाण): ८ ते ९ डीकेएच (तिचं एकक). कमी असेल तर दिवसाला १ पेक्षा जास्त वाढवू नका, नाहीतर कडक कोरलची टोकं जळतात. कॅल्शियम ४०० ते ४५० पीपीएम (दशलक्ष भागांत तितके भाग) असेल तर त्याला हात लावू नका.

कॅल्शियम आणि बफर (अल्कलिनिटी वाढवायचं द्रावण) एकापाठोपाठ ओतले की पाणी दुधाळ होतं, हीटरवर आणि पंपाच्या इम्पेलरवर (आतल्या फिरत्या पात्यांवर) पांढरा खरखरीत थर बसतो, आणि दोन्हींची पातळी उलट घसरते. असं झालंच तर डोस थांबवा, इम्पेलर व्हिनेगरमध्ये भिजवून साफ करा. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा, मगच १० टक्के पाणी बदला.