‘अपडेट केलं आणि सर्व्हर उठेना’: एक तारा रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार,

रिव्ह्यू सविस्तर लिहिलात, म्हणून उत्तरही नेमकं देता येतंय. तुमच्या तक्रारी तीन: आमच्या शेड्युलरची (ठरलेल्या अंतराने कामं, म्हणजे ‘जॉब’, चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची) नवी आवृत्ती टाकल्यावर ‘अवैध इंटरव्हल’ची (दोन फेऱ्यांमधलं अंतर चुकीचं असल्याची) एरर येते आणि सर्व्हर सुरूच होत नाही, जुनी आवृत्ती हाच आकडा मुकाट घ्यायची, आणि आकडा पटला नाही तर शेड्युलरने आपला डीफॉल्ट घेऊन पुढे जावं. जाता जाता तुम्ही असंही म्हटलंय की जुन्या आवृत्तीत सीपीयू कायम चढलेला असायचा. खरी गोम तिथेच आहे.

तुमचा जॉब दर ३० दिवसांनी बिलाची आठवण पाठवतो. ३० दिवस म्हणजे २,५९,२०,००,००० मिलिसेकंद. नोडचा (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या, आमच्या शेड्युलरखालच्या प्रणालीचा) टायमर जास्तीत जास्त २,१४,७४,८३,६४७ मिलिसेकंद घेतो, म्हणजे २४ दिवस, २० तास, ३१ मिनिटं आणि वर २३ सेकंद. ३२ बिटांच्या, अधिक-उणे चिन्ह धरणाऱ्या पूर्णांकात एवढंच मावतं. त्यापुढचा आकडा दिला तर नोड अडून बसत नाही, इंटरव्हल १ मिलिसेकंद करून टाकतो. लॉगमध्ये ओव्हरफ्लोच्या इशाऱ्याची ओळ पडते, तीही टायमर लावताना एकदाच. जुनी आवृत्ती आकडा जसाच्या तसा नोडकडे सोपवायची (नवी त्याआधीच एरर देते), त्यामुळे तुमचा महिन्याचा जॉब सेकंदाला शेकडो वेळा उठत होता. ग्राहकांना मेल गेल्या नाहीत, कारण पाठवण्याआधी तुमचा कोड ‘शेवटची मेल कधी गेली’ हे डेटाबेसात बघतो. त्या तपासणीने तुम्हाला वाचवलं आणि सीपीयूही तिनेच खाल्ला.

डीफॉल्टची सूचना आम्ही घेणार नाही. समजा आम्ही मुकाट एक तास धरला. कुणाचा हेल्थ चेक दर मिनिटाला हवा असतो, कुणाचा बॅकअप रोज रात्री. दोघांनाही एक तास मिळेल आणि दोघांनाही पत्ता लागणार नाही. जावाचा शेड्युल्ड एक्झिक्युटर शून्य किंवा उणे पीरियड दिला की एक्सेप्शन फेकतो, गो भाषेतला टिकर पॅनिक करतो, म्हणजे प्रोग्रॅम थांबवतो. आम्ही त्याच पंगतीत बसलो आहोत. एकदाच चालणाऱ्या जॉबला शून्य विलंब मात्र चालतो, कारण ‘लगेच चालव’ याला अर्थ आहे; ‘दर शून्य मिलिसेकंदांनी’ याला नाही.

तपासणी तुमच्या कोडमध्येही ठेवा, कारण आकडे बहुधा कॉन्फिगमधून स्ट्रिंग म्हणून येतात. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोग्रॅमला बाहेरून दिलेली सेटिंग) नसेल तर जावास्क्रिप्टचं नंबर फंक्शन नॅन (NaN, ‘ही संख्या नाही’) देतं, असेल पण रिकामं असेल तर शून्य. नॅन फार बिलंदर: ‘१ पेक्षा कमी असेल तर नाकार’ आणि ‘कमाल मर्यादेपेक्षा जास्त असेल तर नाकार’ अशा दोन्ही अटींतून तो सहज निसटतो, कारण त्याच्याशी केलेली अशी प्रत्येक तुलना खोटीच ठरते. अट उलटी लिहा: मर्यादेच्या आत असेल तरच घे, नाहीतर नाकार. फॉर्ममध्ये कुणी देवनागरी अंकांत १५ टाइप केलं तरी नॅनच मिळतो, म्हणून मराठी इंटरफेस असेल तर अंक आधी इंग्रजी (0 ते 9) करून घ्या. आणखी एक नेहमीचा घोळ म्हणजे विलंबाच्या जागी पुढची वेळच देणं, ‘आत्ता अधिक ६०,०००’. ती संख्या लाख कोटींच्या घरात जाते आणि जॉब तत्काळ सुटतो.

‘एका जॉबसाठी अख्खा सर्व्हर का पाडता?’ हा प्रश्न रास्त आहे. एरर जॉब नोंदवतानाच येते. प्रत्येक नोंदणी स्वतंत्र ट्राय-कॅचमध्ये (एरर पकडून पुढे जाणाऱ्या कोडमध्ये) घातली तर बाकीचे जॉब चालू राहतात. एररमध्ये जॉबचं नाव, मिळालेली किंमत आणि तिचा प्रकार असतो, तो लॉग करा. बिलिंगसारख्या जॉबला मात्र कॅच करू नका; तो न चालता सर्व्हर सुरू राहणं जास्त महागात पडतं.

आता तुमच्यापुरता उपाय. ३० दिवसांचा टायमर मावला असता तरी कामाचा नव्हता, कारण प्रत्येक डिप्लॉयला (नवा कोड सर्व्हरवर चढवताना) प्रोसेस नव्याने सुरू होते आणि मोजणी पुन्हा शून्यापासून. शेवटच्या मेलची तारीख डेटाबेसात आहेच, तेव्हा इंटरव्हल ३६,००,००० म्हणजे एक तास ठेवा. कोडची दुसरी ओळ हलवावी लागणार नाही. महिन्याच्या ठराविक तारखेलाच पाठवायचं असेल तर क्रॉन (तारीख-वेळ सांगणारं पाच जागांचं वेळापत्रक) वापरा: मिनिट शून्य, तास नऊ, तारीख एक, महिना आणि वार या दोन्ही जागी तारका. तारीख ३१ देऊ नका, वर्षातले पाच महिने कोरडे जातील. टाइमझोन आशिया/कोलकाता लिहायला विसरू नका, नाहीतर यूटीसीवरच्या सर्व्हरवरून सकाळी नऊची आठवण ग्राहकाला दुपारी अडीचला मिळेल.